पाहणारा कोण? इंग्रजी कर्मणी प्रयोग आणि युक्रेनियन भाषांतर

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हा इंग्रजी वार्तापत्रांतून एक छोटे वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले. ‘एक्स्प्लोजन्स वेअर हर्ड इन कीव्ह.’ मराठीत त्याचे ‘कीव्हमध्ये स्फोटांचे आवाज ऐकू आले’ असे विनासायास होते. युक्रेनियन भाषेत मात्र त्याची किमान तीन रूपे संभवतात. ‘उ कियेवी चुति विबुखि’ म्हणजे कीव्हमध्ये स्फोट ऐकू येत आहेत. ‘उ कियेवी चुलि विबुखि’ म्हणजे कीव्हमध्ये लोकांनी स्फोट ऐकले. ‘उ कियेवी प्रोलुनालि विबुखि’ म्हणजे कीव्हमध्ये स्फोट दुमदुमले. तिन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत आणि तिन्ही प्रकारची वाक्ये युक्रेनियन बातम्यांत आढळतात. तरीही ती एकच साक्ष देत नाहीत. पहिल्यात जो कोणी तेथे आहे त्याला आवाज ऐकू येतो आहे, दुसऱ्यात आवाज ऐकणारी माणसे आहेत आणि तिसऱ्यात ऐकणारा कोणी उरतच नाही; स्फोट झाले हे वस्तुस्थिती म्हणून सांगितले जाते. इंग्रजी वार्ताहराने सावधपणे ‘ऐकू आले’ एवढेच म्हटलेले असते. तिसरे रूप निवडणारा भाषांतरकार त्याच्या वतीने एक पाऊल पुढे टाकतो.

पाहणे, ऐकणे, जाणवणे, लक्षात येणे या अर्थाची इंग्रजी क्रियापदे कर्मणी प्रयोगात आली की पाहणारा आणि ऐकणारा पडद्याआड जातो. युक्रेनियन भाषेत त्याला असे अगदी निनावी ठेवता येत नाही. तेथे जे रूप निवडावे, ते त्या पडद्याआडच्या व्यक्तीविषयी काही ना काही सांगून जाते. म्हणूनच व्याकरणाच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदात आटोपणारा हा विषय न्यायालयीन कागदपत्रे, युद्धवार्ता आणि बेपत्ता व्यक्तींच्या सूचना यांत कळीचा होऊन बसतो.

(येथे युक्रेनियन शब्द उच्चाराच्या जवळ जातील अशा रीतीने देवनागरीत दिले आहेत. रशियनमध्ये ज्या अक्षराचा उच्चार ‘ग’ होतो, त्याच अक्षराचा युक्रेनियनमध्ये ‘ह’ होतो. म्हणून डोंगर तेथे ‘होरि’ असतात आणि गॅससुद्धा ‘हाझ’ होतो.)

इंग्रजीला कर्मणी का लागतो?

इंग्रजीत शब्दांचा क्रम ताठर आहे. कर्ता आधी, क्रियापद मध्ये, कर्म नंतर, ही चौकट मोडता येत नाही. ज्याच्याविषयी बोलायचे तो कर्म असेल, तर त्याला वाक्याच्या आरंभी आणण्याचा राजमार्ग म्हणजे कर्मणी प्रयोग. ‘ही वॉज सीन अ‍ॅट द स्टेशन’ या वाक्यात ‘तो’ पहिला आला, कारण बातमी त्याची आहे, पाहणाऱ्याची नव्हे.

युक्रेनियनमध्ये सात विभक्ती आहेत आणि नामाचे कार्य त्याच्या प्रत्ययावरून कळते. त्यामुळे कर्म वाक्याच्या आरंभी ठेवण्यासाठी क्रियापदाला हात लावावा लागत नाही. ‘योहो बाचिलि ना वोक्झाली’ असे म्हटले की झाले. ‘योहो’ म्हणजे ‘त्याला’, ‘बाचिलि’ म्हणजे ‘पाहिले’. कर्म पुढे आले, कर्ता गाळला गेला, क्रियापद कर्तरीच राहिले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘त्याला स्टेशनवर पाहिले’ हे वाक्य याच वळणाचे आहे. इंग्रजीत पाहणाऱ्यांचा उल्लेख असला तरी अडत नाही. ‘ही वॉज सीन बाय टू नेबर्स’ याचे ‘योहो बाचिलि द्वोये सुसीदीव’ होते, म्हणजे शब्दशः ‘त्याला पाहिले दोन शेजाऱ्यांनी’. नवी माहिती शेवटी, जुनी आधी; इंग्रजी कर्मणीचे सारे प्रयोजन केवळ शब्दक्रमाने साधले. नवशिक्या भाषांतरकाराने पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती हीच, की कर्मणीचे भाषांतर कर्मणीतच केले पाहिजे असा काही नियम नाही.

‘बाचिलि’ हे अनेकवचनी, तृतीय पुरुषी क्रियापद कर्त्याविना आले की त्या वाक्याला युक्रेनियन व्याकरणात अनिश्चित कर्त्याचे वाक्य म्हणतात. अनेकवचन असले तरी पाहणारे अनेक असलेच पाहिजेत असे नाही. एकट्याने पाहिले असले तरी रूप हेच राहते. पाहणारी मात्र माणसेच असावी लागतात. रडारने टिपलेल्या विमानासाठी किंवा कॅमेऱ्याने नोंदलेल्या हालचालीसाठी ‘बाचिलि’ कानाला खटकते. तेथे ‘झाफीक्सोवानो’, म्हणजे ‘नोंद झाली’, हा शब्द योग्य. इंग्रजीचे ‘वॉज सीन’ दोन्हीकडे चालते. मूळ मजकुरात पाहणारे यंत्र आहे की माणूस, हे भाषांतरकाराला संदर्भावरून हुडकून काढावे लागते.

याला आणखी एक पैलू आहे. स्लाव्ह भाषांप्रमाणे युक्रेनियनमध्येही बहुतेक क्रियापदांच्या अपूर्ण आणि पूर्ण अशा जोड्या असतात. ‘बाचिलि’ म्हणजे पाहिले होते, दृष्टीस होता. ‘पोबाचिलि’ म्हणजे नेमक्या क्षणी दृष्टीस पडला. ‘त्याला पाहिले आणि अडवले’ येथे ‘पोबाचिलि’ हवे. बेपत्ता व्यक्तीच्या सूचनेतील ‘लास्ट सीन’ साठी मात्र ‘वोस्तान्न्ये योहो बाचिलि’, म्हणजे ‘त्याला शेवटचे पाहिले’, हीच रूढ शब्दयोजना. इंग्रजी क्रियापद या दोहोंतला फरक दाखवीत नाही. युक्रेनियन भाषा तो दाखविल्यावाचून राहू देत नाही.

दिसणे आणि ऐकू येणे

या विषयाचा सर्वांत रम्य भाग म्हणजे ‘विद्नो’ आणि ‘चुति’ हे दोन शब्द. ‘विद्नो’ म्हणजे ‘दिसते’. त्याला काळ नाही, लिंग नाही, वचन नाही. भूतकाळ हवा तर ‘बुलो विद्नो’ आणि भविष्यकाळ हवा तर ‘बुदे विद्नो’ असे सहायक क्रियापद जोडायचे. ‘चुति’ तर मूळचे ‘ऐकणे’ या क्रियापदाचे साधे भाववाचक रूप आहे. तेच वाक्यात ‘ऐकू येते’ या अर्थाने ठाण मांडून बसते.

‘माउंटन्स कॅन बी सीन फ्रॉम हिअर’ या वाक्याचे शब्दशः भाषांतर करणारा ‘शकणे’ या अर्थाचे क्रियापद, ‘असणे’ चे रूप आणि कर्मणी धातुसाधित अशी तिहेरी रचना उभारतो. मूळ युक्रेनियन माणूस ‘झ्वीद्सि विद्नो होरि’ एवढेच म्हणेल. इथून डोंगर दिसतात. मराठीतही ‘दिसू शकतात’ म्हणण्याचे कारण नाही, कारण ‘दिसणे’ या क्रियापदातच शक्यता सामावलेली आहे. इंग्रजीला ते ‘कॅन’ लागते. ‘शेजारच्या खोलीतून संगीत ऐकू येत होते’ यासाठी ‘बुलो चुति मुझिकु’ पुरेसे आहे; ‘मुझिका मोझे बुति पोचुता’ असे काही लिहिणे म्हणजे युक्रेनियन शब्दांत इंग्रजी बोलणे होय.

येथे विभक्तीची एक गंमत आहे. दिसणारी वस्तू वाक्यात प्रथमेत येत नाही, द्वितीयेत येते. नदी म्हणजे ‘रीच्का’, पण नदी दिसते म्हणजे ‘विद्नो रीच्कु’. नकार आला की तीच षष्ठीत जाते: ‘ने विद्नो रीच्कि’. ज्याला दिसते तो असलाच तर चतुर्थीत येतो: ‘मेनी विद्नो’, मला दिसते. मराठीतही पाहणारा चतुर्थीत असतो, पण दिसणारी वस्तू प्रथमेत असते आणि क्रियापद तिच्यामागे जाते. ‘मला नदी दिसते’, ‘मला डोंगर दिसतात’. युक्रेनियन वाक्यात कर्ता म्हणून कोणीच उरत नाही. वस्तू कर्म आहे, पाहणारा संप्रदान आहे आणि मध्ये कोणाशीही न जुळणारा एक शब्द उभा आहे.

ज्या इंग्रजी वाक्यात पाहणारा ‘कोणीही’ असतो, तेथे हे रूप नेमके बसते. शिखर दुरून दिसते, घंटा गावभर ऐकू येते, दिवा खिडकीतून दिसतो. या वाक्यांत विशिष्ट साक्षीदार नाही. तेथे ‘बाचिलि’ वापरले तर उगाचच कोणीतरी खिडकीशी उभे असल्यासारखे वाटते. उलट विशिष्ट रात्री विशिष्ट माणसाला कोणीतरी पाहिले असेल, तर ‘विद्नो’ ने तो प्रसंग निसर्गचित्रासारखा होऊन जातो.

‘चुति’ कानापुरते मर्यादित नाही, वासालाही ते चालते. ‘चुति झापाख हाझु’ म्हणजे गॅसचा वास येतो. परंतु उपकरणाने गॅस शोधला असेल, तर ‘वियाव्लेनो’, म्हणजे ‘आढळला’, असे म्हणावे लागते. इंग्रजीत ‘गॅस वॉज डिटेक्टेड’ दोन्हीसाठी येऊ शकते. इमारत रिकामी करण्याच्या सूचनेत नाकाला आलेला वास आणि यंत्राने दिलेला इशारा यांत किती अंतर आहे, हे सांगणे नलगे.

‘विद्नो’ ला एक छुपी वाटही आहे. स्वल्पविरामांच्या मध्ये आले की त्याचा अर्थ ‘दिसते’ असा न राहता ‘बहुधा’ असा होतो. ‘वीन, विद्नो, ख्वोरिय’ म्हणजे ‘तो बहुधा आजारी आहे’. मराठीतील ‘तो आजारी दिसतो’ याच वाटेने गेलेले आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि तर्काने ताडलेले यांच्यातील सीमारेषा दोन स्वल्पविरामांवर अवलंबून असते. संपादकाने घाईत ते गाळले, तर अनुमान साक्ष बनू शकते.

‘याक’ की ‘श्चो’?

इंग्रजीत ‘आय सॉ हिम लीव्ह’ आणि ‘आय सॉ हिम लीव्हिंग’ असे दोन प्रकार आहेत. पहिल्यात निघून जाण्याची क्रिया पूर्ण पाहिली, दुसऱ्यात ती चालू असताना पाहिली. कर्मणीत पहिल्याचे ‘ही वॉज सीन टु लीव्ह’ होते, म्हणजे कर्तरीत नसलेला ‘टु’ परत येतो. इंग्रजी शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना या ‘टु’ ने छळले आहे. दुसऱ्याचे ‘ही वॉज सीन लीव्हिंग’ होते.

युक्रेनियनमध्ये या दोहोंसाठी स्वतंत्र गौण वाक्य करावे लागते आणि ते ‘याक’, म्हणजे ‘कसा’, या शब्दाने सुरू होते. ‘बाचिलि, याक वीन विय्शोव’ म्हणजे तो बाहेर पडला ते पाहिले. ‘बाचिलि, याक वीन विखोदिव’ म्हणजे तो बाहेर पडत असताना पाहिले. इंग्रजी दोन कृदन्तांनी जो भेद करते, तो येथे क्रियापदाच्या पूर्ण आणि अपूर्ण रूपांनी होतो. हा हिशोब बहुतांशी चोख जुळतो आणि भाषांतरकाराला असे सुख क्वचितच लाभते.

खरा धोका ‘याक’ च्या जागी ‘श्चो’ आले तर. ‘श्चो’ म्हणजे ‘की’. ‘चुलि, याक वीन पोयीखाव’ म्हणजे तो गाडीने निघाला तो आवाज ऐकला. ‘चुलि, श्चो वीन पोयीखाव’ म्हणजे तो गेला असे ऐकले, म्हणजेच कोणीतरी तसे सांगितले. एका शब्दाने कानाचा साक्षीदार ऐकीव माहितीचा वाहक झाला. पाहण्याच्या बाबतीत फरक इतका तीव्र नसला तरी असतो. ‘याक’ ने प्रत्यक्ष दृश्य येते, ‘श्चो’ ने त्या दृश्यावरून कळलेली गोष्ट येते. मराठीत ‘तिला गाताना ऐकले’ आणि ‘ती गाते असे ऐकले’ यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. ‘शी वॉज हर्ड टु से’ हे इंग्रजी शब्द साक्षीत आले, तर भाषांतरात ‘याक’ च हवे. ती बोलली ते कोणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

इंग्रजीचे ‘सीन टु बी’ मात्र या चौकटीत मावत नाही. ‘द गव्हर्नमेंट वॉज सीन टु बी फेलिंग’ यात कोणी सरकारकडे डोळे लावून बसलेले नाही. सरकार अपयशी ठरत आहे असे लोकांना वाटत होते, एवढेच. याचे ‘बाचिलि, याक’ ने भाषांतर केले तर हास्यास्पद वाक्य तयार होते. तेथे ‘व्वाझालि, श्चो’, म्हणजे ‘लोक असे मानीत होते की’, हीच योजना योग्य. ‘ही इज सीन अ‍ॅज अ फ्यूचर लीडर’ यासाठी तर अस्सल युक्रेनियन वळण उपलब्ध आहे: ‘उ न्योमु बाचात माय्बुत्न्योहो लीदेरा’, त्याच्यात भावी नेता पाहतात. मराठी वृत्तपत्रांतील ‘त्याच्याकडे भावी नेता म्हणून पाहिले जाते’ यापेक्षा हे किती सुटसुटीत आहे!

‘नो’ आणि ‘तो’ यांचे प्रकरण

आणखी एक रूप राहिले आणि त्याच्याभोवतीच सर्वाधिक वाद झडले. ‘पोमिल्कु पोमीचेनो’ म्हणजे ‘चूक लक्षात आली आहे’, ‘चूक टिपली गेली आहे’. ‘पोमीचेनो’ च्या शेवटी ‘नो’ आहे; काही धातूंना ‘तो’ लागतो. मुळात हे नपुंसकलिंगी एकवचनी कर्मणी धातुसाधित. कालांतराने ते गोठले आणि कोणत्याही नामाशी जुळेनासे झाले. ‘पोमिल्का’ हे नाम स्त्रीलिंगी आहे, पण येथे ते द्वितीयेत ‘पोमिल्कु’ झाले आणि क्रियारूप तसेच राहिले. शेजारच्या पोलिश भाषेतही असे रूप आहे. रशियन प्रमाणभाषेत मात्र अशा ठिकाणी नामाशी जुळणारे धातुसाधित येते. कर्मणी रूप असूनही कर्म द्वितीयेतच कसे राहते, हा प्रश्न पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनाही भुलवून गेला. निकोलस सोबिन यांनी १९८५ साली या विभक्तीवर लिहिलेला निबंध पुढील चर्चांत वारंवार उल्लेखिला गेला.

मराठी शाळेत प्रयोग शिकलेल्या कोणालाही यात एक ओळखीचा चेहरा दिसेल. ‘शिपायाने चोराला पकडले’ या वाक्यात क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, कर्माशीही जुळत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनी राहते. हा भावे प्रयोग. ‘पोमिल्कु पोमीचेनो’ ची घडण जवळपास अशीच आहे. फरक एवढाच की मराठीत ‘शिपायाने’ हा कर्ता वाक्यात ठामपणे उभा असतो, तर युक्रेनियन वाक्यात त्याला प्रवेश नाही, निदान असू नये.

हे ‘असू नये’ सांगणाऱ्यांत ओलेना कुरिलो यांचे नाव अग्रभागी आहे. आधुनिक युक्रेनियन साहित्यभाषेवरील त्यांच्या टिपणांचे पुस्तक १९२० साली निघाले आणि १९२३ व १९२५ मध्ये त्याच्या वाढीव आवृत्त्या आल्या. ‘नो’ आणि ‘तो’ ची रूपे कर्ता सांगण्यासाठी नाहीतच, कर्ता सांगायचा असेल तर सरळ कर्तरी वाक्य लिहावे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. ‘कामगारांकडून काम केले जाते’ या धर्तीची वाक्ये युक्रेनियन लोकभाषेच्या स्वभावाला परकी आहेत, असे त्या आणि त्यांचे समकालीन मानीत. तो काळ युक्रेनियन भाषेच्या प्रमाणीकरणाचा होता. १९२८ साली नवी लेखनपद्धती मान्य झाली. पाच वर्षांतच वारे फिरले. १९३३ मध्ये ती लेखनपद्धती रद्द करून भाषा रशियनच्या जवळ नेण्यात आली. युक्रेनियन भाषेच्या नियमांवर १९३१ साली ग्रंथ लिहिणारे ओलेक्सा सिन्याव्स्की यांना १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या; कुरिलो यांना १९३८ मध्ये अटक झाली. भाषाशुद्धीवर १९७० साली ‘याक मि होवोरिमो’, म्हणजे ‘आपण कसे बोलतो’, हे लोकप्रिय पुस्तक लिहिणारे बोरिस आन्तोनेन्को-दाविदोविच हे स्वतः स्टालिनकालीन छावण्यांतून परतलेले लेखक होते. एखाद्या कर्मणी प्रत्ययावरून युक्रेनियन संपादक आजही हिरिरीने भांडताना दिसतात, ते या पार्श्वभूमीमुळे. त्या भांडणात अतिरेक नसतो असे नाही. रशियनशी साम्य आहे एवढ्याच कारणावरून चांगली रूपे हद्दपार करण्याचा उत्साहही तेथे आढळतो. पण मूळ निरीक्षण खरे आहे.

मराठीनेही असाच अनुभव घेतला आहे. ‘शिपायाकडून चोर पकडला गेला’ या रचनेला आपल्या व्याकरणांत ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, ते ती इंग्रजीच्या वळणाने आली म्हणूनच. तिकडे दडपण रशियनचे होते, इकडे इंग्रजीचे. आता इंग्रजीतून थेट भाषांतरे वाढल्याने युक्रेनियनला दुसऱ्या बाजूनेही तोच रेटा सोसावा लागतो.

पाहणे-ऐकण्याच्या क्रियापदांपुरते बोलायचे तर ‘पोमीचेनो’, ‘वियाव्लेनो’, ‘झाफीक्सोवानो’ या रूपांना कार्यालयीन वास आहे. निरीक्षण झाले, त्याची नोंद झाली, ती कोणाच्या तरी दप्तरात आहे, असा भाव त्यांतून येतो. पोलिसांचा अहवाल, निवडणूक निरीक्षकांचे निवेदन, वैज्ञानिक निबंध यांत ती शोभतात. कादंबरीत संध्याकाळी अंगणात कोणी दिसले तर तेथे ‘पोमीचेनो’ लिहिणे म्हणजे पंचनामा करणे. ‘बाचेनो’ आणि ‘चुवानो’, म्हणजे ‘पाहिलेले’ आणि ‘ऐकलेले’, ही रूपे मात्र बोलीत वेगळ्याच कामाला लागली आहेत. ‘असे कधी कोणी पाहिले होते का, ऐकले होते का’ अशा उद्गारांत ती येतात.

‘स्या’ हा प्रत्यय लावून होणारी रूपे ही तिसरी पळवाट, आणि ती सर्वांत निसरडी. ‘वीद्चुवायेत्स्या’, म्हणजे ‘जाणवते’, हे रूप निर्दोष आहे. पण ‘पाहणे’ ला ‘स्या’ लावून ‘वोनि बाचात्स्या’ म्हटले की अर्थ ‘ते दिसतात’ असा होत नाही, ‘ते एकमेकांना भेटतात’ असा होतो. ‘मेनी बाचित्स्या’ म्हणजे ‘मला असे वाटते’. ‘मेनी चुयेत्स्या’ मध्ये ऐकू येण्याबरोबर भासाची छटा आहे. खरोखर आवाज झाला की मनाचे खेळ, हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नसते. ‘उ होलोसी चुयेत्स्या सुम’, आवाजात खिन्नता जाणवते, असे ललित लेखनात खुलून दिसते. जबानीत हेच रूप वापरले तर साक्षीदाराच्या कानांवरच शंका घेतल्यासारखे होईल.

म्हणीवजा विधानांसाठी युक्रेनियन भाषा चक्क श्रोत्यालाच पाहणारा करते. ‘सच अ थिंग इज सेल्डम सीन’ याचे ‘ताके नेचास्तो पोबाचिश’ होते, म्हणजे ‘असे तू क्वचितच पाहशील’. यात समोरच्याला उद्देशून काही नाही. हा ‘तू’ म्हणजे सगळेच. मराठीत आपण ‘असे क्वचितच पाहायला मिळते’ म्हणतो.

न्यायालयात

१९२३ साली इंग्लंडमध्ये मॅकार्थी नावाच्या मोटारसायकलस्वाराचा खटला गाजला. अपघातावरून त्याला दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवले. त्याच अपघाताच्या भरपाईसाठी त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या वकिली संस्थेशी संबंधित असलेला एक गृहस्थ दंडाधिकाऱ्यांचा लिपिक म्हणून निकालाच्या वेळी त्यांच्यासोबत आतल्या दालनात गेला होता. त्याने तेथे तोंडही उघडले नव्हते. तरीही लॉर्ड ह्यूअर्ट यांनी शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन चालत नाही, तो झालेला दिसलाही पाहिजे, हे त्यांचे तत्त्व तेव्हापासून जगभर उद्धृत होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७० च्या डेलकोर्ट विरुद्ध बेल्जियम या निकालात त्याचा आधार घेतला. युक्रेनने २००६ साली केलेल्या कायद्यानुसार या न्यायालयाचे निकाल तेथील न्यायालयांना कायद्याचा स्रोत म्हणून लागू करावे लागतात. त्यामुळे इंग्रजीतले ते ‘सीन टु बी डन’ युक्रेनियनमध्ये आणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथे पाहणारा कोण? खटल्यातील पक्षकार, सामान्य नागरिक, कोणीही समंजस माणूस. कोणी विशिष्ट व्यक्तीने न्याय होताना पाहिला पाहिजे असे तत्त्वात म्हटलेले नाही. म्हणून ‘बाचिलि’ चालत नाही. नोंदीचा भाव असलेले ‘पोमीचेनो’ तर विपरीतच ठरेल. न्यायाची नोंद झाली की काम भागले, असा त्याचा अर्थ होईल. नेमके बसते ते साधेसुधे ‘विद्नो’: ‘माये बुति विद्नो, श्चो वोनो चिनित्स्या’, तो होत आहे हे दिसले पाहिजे. डोंगर आणि नदीसाठी वापरला जाणारा शब्द न्यायतत्त्वालाही पुरून उरतो. ‘याक’ ऐवजी येथे ‘श्चो’ आले आहे, तेही योग्यच. कारण न्यायाची क्रिया डोळ्यांनी बघायची नसून न्याय होत असल्याची खात्री पटायची आहे.

युद्धगुन्ह्यांच्या चौकशीत हा प्रवास उलट्या दिशेने होतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. गावकऱ्यांच्या युक्रेनियन जबान्या त्या भाषांत न्याव्या लागतात. येथे ‘बाचिलि’ चा एक जुना गुणधर्म आड येतो. युक्रेनियन भूतकाळात क्रियापद लिंग आणि वचन दाखवते, पुरुष दाखवत नाही. ‘आम्ही पाहिले’, ‘तुम्ही पाहिले’ आणि ‘लोकांनी पाहिले’ या तिन्हींसाठी ‘बाचिलि’ हेच रूप येते आणि बोलताना सर्वनाम सर्रास गाळले जाते. ‘बाचिलि, याक वोनि झायीझ्दझालि’, म्हणजे ‘ते गाड्यांनी आत येत होते ते पाहिले’, असे एखादी वृद्धा सांगते तेव्हा ती स्वतः खिडकीशी होती की गावात कोणी पाहिले होते, हे केवळ व्याकरणावरून ठरत नाही. दुभाष्याने त्याचे ‘दे वेअर सीन एंटरिंग’ असे कर्मणी भाषांतर केले तर प्रत्यक्षदर्शी साक्ष ऐकीव पुराव्याच्या जवळ सरकते. ‘वी सॉ देम’ असे केले तर कदाचित तिने न पाहिलेले तिच्या नावावर पडते. मराठीत ‘त्यांना आत येताना पाहिले’ या वाक्याचीही गत हीच आहे. अशा वेळी दुभाष्याने तर्क चालवू नये. न्यायालयाच्या परवानगीने साक्षीदारालाच एक प्रश्न विचारण्याची विनंती करावी. युक्रेनियनमध्ये तो प्रश्न दोनच शब्दांचा आहे: ‘ख्तो बाचिव?’ म्हणजे कोणी पाहिले?